कीचक, द्रौपदी आणि काकासाहेब खाडिलकर

व्यंगचित्र म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतो तो आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. चौकड्यांचा कोट, धोतर, नाकावर चष्मा आणि तोंडातून एक शब्द नाही! पण मित्रमैत्रिणींनो, एक गोष्ट कधी तुमच्या लक्षात आली आहे का? महागाईने गांजलेला, रांगेत उभा राहणारा, मत देणारा भारतीय काढायचा असला की चित्रात पुरुष येतो. आणि खुद्द देश काढायचा असला की मात्र बाई येते. साडी, मुकुट, मोकळे केस, हातात झेंडा. असं का बरं?

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्रजांची ब्रिटानिया बाई, फ्रेंचांची मारियान बाई. १८५७ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात जॉन टेनिएलने एक गाजलेलं चित्र काढलं. वाघाच्या पंजाखाली पडलेली गोरी बाई आणि तिचं मूल, आणि वाघावर झेप घेणारा ब्रिटिश सिंह. वाघ म्हणजे आपण! आपल्याकडे मुंबईतून 'हिंदी पंच' निघायचं, त्यात हिंदुस्थान साडी नेसून यायचा. १९०५ साली अवनींद्रनाथ टागोरांनी भगव्या वस्त्रातली, चार हातांची भारतमाता रंगवली. म्हणजे दोन्ही बाजूंना देश म्हणजे बाई, आणि भांडण तिला कुणी वाचवायचं याचं.

हेच चित्र आपल्या सांगलीच्या एका माणसाने कागदावर न काढता थेट रंगमंचावर उभं केलं, आणि ते इतकं हुबेहूब उतरलं की सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. तो माणूस म्हणजे नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर ऊर्फ काकासाहेब खाडिलकर. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्या आयुष्यात शेक्सपिअर आधी आला आणि खाडिलकर फार उशिरा, तेही सांगलीला इंजिनिअरिंगला आल्यावर. पण आले ते मुक्कामालाच आले. म्हणून हा लेख.

खाडिलकरांचा जन्म २५ नोव्हेंबर १८७२ चा, सांगलीचा. तेव्हा सांगली पटवर्धनांचं संस्थान होतं. याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' करून मराठी नाटकाचा नारळ फोडला होता. जवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल पुढे 'शारदा' लिहिणार होते. म्हणजे जसं एखाद्याचं लहानपण वर्कशॉपच्या शेजारी जावं आणि हातोडीचा आवाज कानात बसावा, तसं खाडिलकरांच्या कानात नाटक बसलं असणार.

ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८९२ मध्ये बी. ए. झाले. तिथे शेक्सपिअर आणि संस्कृत नाटकं दोन्ही वाचली. मग काही काळ सांगलीच्या शाळेत मास्तरकी केली आणि याच सुमारास, विशी ओलांडता ओलांडता, 'सवाई माधवराव यांचा मृत्यू' हे नाटक लिहिलं. (आपण या वयात लॅब जर्नलसुद्धा दुसऱ्याचं बघून लिहितो!) हॅम्लेट आणि ऑथेल्लो या दोघांची सावली त्या नाटकावर आहे असं जाणकार सांगतात. त्यानंतरचं 'कांचनगडची मोहना' १८९८ साली शाहूनगरवासी नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. शाहूनगर म्हणजे आमचा सातारा! गणपतराव जोशी त्या मंडळीचे मोठे नट, आणि त्यांच्यासमोर नायिका करायचे बाळाभाऊ जोग. हो, बाळाभाऊ. त्या काळात नाटक मंडळ्यांतल्या नायिका बहुतेक पुरुषच असत. हा मुद्दा पुढे लागणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

कायद्याचा अभ्यास करायला मुंबईला गेलेले खाडिलकर वकील होण्याऐवजी टिळकांकडे 'केसरी'त गेले आणि लवकरच त्यांचे उजवे हात बनले. नंतरचा प्रसंग तर सिनेमात शोभेल असा आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरवातीला ते नेपाळात जाऊन राहिले. वरकरणी उद्योग कौलांच्या कारखान्याचा, आतून बेत बंदुका बनवण्याचा! ब्रिटिशांचं शस्त्रांवर कडक बंधन, म्हणून कारखाना हद्दीबाहेर. बेत तडीला गेला नाही आणि खाडिलकर परत पुण्याला आले. बंदूक बनली नाही, पण मनातली दारू ओली झाली नव्हती. ती त्यांनी नाटकात भरली.

आता त्या वेळची परिस्थिती बघा. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ व्हाइसरॉय होता. फेब्रुवारी १९०५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदानात त्याने सत्य ही मुख्यतः पाश्चात्त्यांची चीज आहे अशा अर्थाचं भाषण करून सुशिक्षितांना दुखावलं. ऑक्टोबरमध्ये बंगालची फाळणी अमलात आली. काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल अशी दोन टोकं झाली होती. आणि या सगळ्याच्या मागे एक जुना टोमणा होता. इंग्रजी शिक्षणाच्या टिपणासाठी आपल्याला माहीत असलेल्या मेकॉलेने बंगाली पुरुषांना बायकी म्हणून हिणवलं होतं. राज्य करणारा तो मर्द, आणि ज्याच्यावर राज्य चालतं तो बायकी, असा हिशोब. हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या माणसांना उत्तर द्यायचं होतं.

१९०७ साली खाडिलकरांनी उत्तर दिलं, 'कीचकवध'! महाभारतातली गोष्ट आपल्याला माहीत आहे. पांडव अज्ञातवासात विराट राजाकडे नोकर म्हणून राहिलेले. द्रौपदी राणीची दासी सैरंध्री. राणीचा भाऊ आणि सेनापती कीचक तिच्यामागे लागतो. ओळख उघडी पडली तर पुन्हा बारा वर्षं वनवास, म्हणून धर्मराज धीर धरायला सांगतो. भीमाला धीर धरवत नाही आणि तो कीचकाला ठार करतो.

खाडिलकरांनी या गोष्टीचं अगदी इंजिनिअरिंग ड्रॉईंगसारखं प्रोजेक्शन केलं. समोरून बघितलं तर पुराण, बाजूने बघितलं तर पेपरातली बातमी. उन्मत्त कीचक म्हणजे कर्झन. दासी झालेली द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान. सबुरीचा सल्ला देणारा धर्मराज म्हणजे मवाळ. हात शिवशिवणारा भीम म्हणजे जहाल. आणि मेव्हण्यापुढे काही न चालणारा विराट म्हणजे दुबळं सरकार. व्यंगचित्रकार काय करतो? माणसाचं एक वैशिष्ट्य पकडतो आणि ते फुगवतो. खाडिलकरांनी कर्झनचा ताठा पकडला आणि कीचकाएवढा फुगवला. नाव कुठेच घेतलं नाही. प्रेक्षकांना सांगायची गरजच पडली नाही!

सरकारची मात्र पंचाईत झाली. पुराणातल्या राक्षसी सेनापतीवर कारवाई करायची तर तो आमचाच व्हाइसरॉय आहे हे आधी कबूल करावं लागणार. म्हणून नाटक जवळजवळ तीन वर्षं धूमधडाक्यात चाललं. मधल्या काळात, १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले आणि 'केसरी'ची जबाबदारी खाडिलकरांवर आली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. तिथे त्या रात्री नाटक होतं देवलांचं 'शारदा'. नाटकाचं थिएटर आता सरकारच्या चांगलंच लक्षात आलं. जानेवारी १९१० मध्ये 'कीचकवध'वर बंदी आली.

व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराच्या १९१० च्या पुस्तकात या नाटकाचं वर्णन आहे. तो आपल्या बाजूचा नव्हता, उलट टिळकांनी पुढे त्याच्यावर विलायतेत बदनामीचा खटला भरला. पण त्या वर्णनातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यात प्रेक्षागृहातल्या पुरुषांचे आवळलेले चेहरे आहेत, आणि द्रौपदीची विनवणी ऐकताना चमकणारे बायकांचे डोळेही आहेत. म्हणजे बायका नाटकाला येत होत्या. स्टेजवर चाललेलं त्यांना कळत होतं, आत कुठेतरी लागत होतं. फक्त स्टेजवर त्या नव्हत्या. त्यांचं दुःख पुरुषाच्या अंगावर साडी नेसवून त्यांना दाखवलं जात होतं.

इथे मला माझी शाळा आठवते. सहावीत असताना २६ जानेवारीला मला भारतमाता केलं होतं. पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट, आईची साडी, हातात त्रिशूळ. एक तासभर हलायचं नाही आणि बोलायचं तर अजिबात नाही. खाली शिवाजी महाराज, भगतसिंग, सुभाषबाबू झालेली मुलं दणादण डायलॉग म्हणत होती. सगळे माझ्यासाठी लढत होते, आणि मला नाकावर बसलेली माशीसुद्धा हाकलता येत नव्हती!

खाडिलकरांची द्रौपदी अशी पुठ्ठ्याची नाही, हे आधी मान्य करायलाच हवं. ती बोलते, जाब विचारते, नवऱ्यांचा कमकुवतपणा त्यांच्या तोंडावर दाखवते. धर्मराजाचं शहाणपण तिच्यापुढे फिकं पडतं. अख्ख्या नाटकाची ठिणगी तीच आहे. पण ठिणगी तिची आणि हात भीमाचे. ती जेवढी असहाय दिसेल तेवढा भीम मर्द ठरणार, अशी या गणिताची मांडणीच आहे. मेकॉलेच्या टोमण्याला उत्तर मिळालं, पण उत्तर देताना प्रश्न तसाच ठेवला गेला. बायकी असणं म्हणजे कमीपणा, हे दोघांनीही धरून चाललं होतं.

याचा पुरावा खाडिलकरांच्याच हातचा आहे. त्याच १९०७ साली त्यांनी आणखी एक नाटक लिहिलं, त्याचं नावच 'बायकांचे बंड'! जैमिनीच्या अश्वमेधातल्या प्रमिलेच्या स्त्रीराज्याची ती गोष्ट. पुरुषांना मज्जाव असलेलं राज्य, आणि तिथे येऊन पोचणारा अर्जुन. मूळ गोष्टीत शेवटी लग्न होतं आणि प्रमिलेचं राज्य संपतं. म्हणजे बघा, एकाच लेखणीतून एकाच वर्षी दोन बंडं निघाली. देश नावाच्या बाईसाठी पुरुषांनी केलेलं बंड हे वीररसाचं. आणि बायकांनी स्वतःसाठी केलेलं बंड हे लग्नाने मिटवायचं. मला हे वाचून राग आला नाही, कारण त्या काळातली बहुतेक मोठी माणसं असाच विचार करत होती. पण हे दिसल्यावर न दिसल्यासारखं करणंही जमलं नाही.

पुढे खाडिलकरांच्या नायिका बदलत गेल्या हेही सांगायला हवं. १९११ च्या 'मानापमान'ची भामिनी श्रीमंतीचा तोरा सोडून एका सेनापतीचं मोल ओळखते. १९१३ च्या 'विद्याहरण'मध्ये देवयानी येते. १९१६ च्या 'स्वयंवर'ची रुक्मिणी तर आपला नवरा आपण निवडते. या भूमिका बालगंधर्वांनी अजरामर केल्या. तेही मूळचे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. त्यांची साडी, त्यांचा अंबाडा, त्यांचं चालणं पाहून घराघरातल्या बायका तसं करायला लागल्या. म्हणजे बाईने कसं दिसावं हे बाईने एका पुरुषाकडून शिकायचं! यात बालगंधर्वांची थोरवी आहेच, पण गंमतही आहे. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. देशासाठी पैसा उभा केला तोही रंगमंचावरच्या नायिकेने, जी बाई नव्हतीच.

टिळक १९२० मध्ये गेले. खाडिलकर गांधीजींच्या बाजूने वळले. बंदुकीच्या कारखान्याचं स्वप्न बघितलेला माणूस असहकाराच्या बाजूने उभा राहिला, हे मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वळण वाटतं. भीमाच्या कानाला धर्मराजाचं म्हणणं इतक्या वर्षांनी गोड लागलं म्हणा ना! १९२३ साली त्यांनी मुंबईत 'नवाकाळ' दैनिक सुरू केलं. १९२९ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून वर्षभराची शिक्षा झाली. १९३३ मध्ये नागपूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. नंतर ते अध्यात्माकडे वळले. स्वातंत्र्य आलेलं त्यांनी पाहिलं आणि २६ ऑगस्ट १९४८ ला त्यांचं निधन झालं.

ज्या १९३३ मध्ये ते संमेलनाध्यक्ष झाले, त्याच वर्षी 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली आणि मराठी नाटकाचं एक दार उघडलं. पण मला त्याहून मोठं वाटणारं नाटक नाट्यगृहात झालंच नाही. ते झालं पोलीस ठाण्यासमोर.

१९४० च्या दशकात सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. नाना पाटलांची मुलगी हौसाताई त्या चळवळीत होती. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं पळवायची होती. तेव्हा हौसाताई आणि एक सहकारी यांनी ठाण्यासमोर सोंग केलं. बहीण सासरी नांदायला जात नाही म्हणून भाऊ तिला बेदम मारतो आहे, असं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि इकडे साथीदारांनी आतली हत्यारं लंपास केली! मार मात्र खराखुरा खाल्ला होता. हौसाताई २०२१ साली, पंचाण्णव वर्षांच्या होऊन गेल्या.

आता 'कीचकवध' शेजारी ठेवून बघा. अत्याचार सोसणारी असहाय बाई, तिला वाचवायला धावणारे पुरुष, सगळं चित्र तेच. फक्त या वेळी ते चित्र त्या बाईने स्वतः वापरलं. बाई म्हणजे वाचवायची वस्तू, ही पोलिसांच्या डोक्यातली समजूत हेच तिचं हत्यार झालं. खाडिलकरांनी पुराणकथेआड राजकारण लपवलं, हौसाताईंनी बाईपणाच्या आड लपवलं. दोघांचाही डाव सरकारला उशिरा कळला. पण इथे द्रौपदी भीमाची वाट बघत बसली नाही.

कुणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीचं नाटक आणि ऐंशी वर्षांपूर्वीची चळवळ, त्याचं आपल्याला काय? आमच्या ब्रँचला साठात आम्ही नऊ मुली. वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहिलं की कुणीतरी चांगुलपणाने म्हणतंच, तू राहू दे, मी करतो. लेडीज हॉस्टेलचं गेट संध्याकाळी साडेसातला बंद होतं, आणि मुलं रात्री बारालाही स्टँडवर चहाला जाऊ शकतात. कारण विचारलं तर उत्तर एकच, तुमच्याच सुरक्षिततेसाठी. बोलणाऱ्यांच्या मनात काळजी असते, मी नाही म्हणत नाही. पण त्या काळजीत मला तो पुठ्ठ्याचा मुकुट दिसतो. मान द्यायचा, उंचावर उभं करायचं, आणि हलू द्यायचं नाही.

म्हणून खाडिलकरांना बाजूला सारावं असं मला मुळीच वाटत नाही. सशस्त्र सत्तेसमोर नुसत्या शब्दांवर उभं राहणं, पेपर चालवणं, तुरुंगात जाणं, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वतःचा मार्ग बदलण्याची हिंमत दाखवणं, यातलं एक जरी आपल्याला जमलं तरी खूप झालं. त्यांनी द्रौपदीला आवाज दिला, तोही भर दरबारात जाब विचारणारा. उरलेलं काम त्यांनी करायला हवं होतं असं म्हणण्यापेक्षा ते आपल्यासाठी उरलंय असं म्हणू या.

शेवटी एक प्रस्ताव, विद्यार्थ्यांसाठी आणि सरांसाठीसुद्धा. आपल्या गॅदरिंगला दरवर्षी एखादा मुलगा साडी नेसून येतो आणि शिट्ट्यांनी हॉल दणाणतो. ती मजा असू द्या. पण यंदा आपण 'कीचकवध'मधले दोन प्रवेश करू या. द्रौपदी मुलीने करायची, आणि जमलं तर भीमही! ड्रामा ग्रुपची प्रॅक्टिस रात्री दहापर्यंत चालते, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा तालमीपुरती तरी लेडीज हॉस्टेलच्या गेटची वेळ दहा करावी, ही नम्र विनंती. द्रौपदीची पाठांतराची जबाबदारी माझी!